बगळा बोलण्याआधी

ऑर्व्हिल टेस्डालची गाय त्या रात्री अडली.
वासराचे मागचे पाय आधी आले,
बाहेर बर्फ असा की कुंपण आणि रस्ता एकच,
म्हणून ला क्रॉसच्या सभेला तो गेला नाही.
दूध संघाचे सत्तावीस सभासद, हजर सव्वीस.
तेरा घेऊ म्हणाले, तेरा नको.
समसमान म्हणजे नको, असं नियमात लिहिलेलं.
सोमवारी आमचं चॅनल
शिकागोच्या खेळणी कंपनीने घेतलं,
इमारतीसकट, माझ्या शिलाई मशीनसकट.

मी तिथे बाहुल्या शिवायचे.
करडा बगळा माझा. लष्करी कांबळ्याचं अंग,
छत्रीच्या काड्यांचे पाय,
डोळा म्हणून माझ्याच कोटाचं बटण.
(तो कोट मी अजून एका बटणाविना घालते.)
आवाज लेलंड आस्गार्डचा.
लेलंड अडखळायचा. ‘म’पाशी आला
की दार लागल्यासारखा थांबायचा.
मग आम्ही ठरवलं, बगळा बोलण्याआधी
एक पाय उचलेल
आणि उभा राहील. लागेल तितका वेळ.
एकदा एकोणीस सेकंद. मी मोजले.
नदीच्या दोन्ही काठांवरची पोरं
पडद्यासमोर एका पायावर डुगडुगत
तो काय म्हणतो याची वाट बघायची.

शिकागोचा माणूस स्टॉपवॉच घेऊन आला.
वाईट नव्हता, सगळ्यांना डोनट आणायचा.
म्हणाला, एकोणीस सेकंदांत
एक जाहिरात बसून चार उरतात.

मी ती गाय कितीदा तरी वेळेवर सोडवली आहे,
भांडी घासताना, दंतवैद्याकडे बसून.
वासरू सरळ येतं. ऑर्व्हिल कोपरापर्यंत हात धुतो,
ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधतो,
सभेत उशिरा शिरतो, हात वर करतो.
चौदा-तेरा.
मग आमच्याकडे लोण्याखेरीज जाहिरात नाही.
साडेसातला बगळा मान पंखात घालतो
आणि चॅनल खरंच बंद. काच काळी.
पोरं चिडतात, मग झोपतात.
न्यूयॉर्कात आमचं नाव कुणाला ठाऊक नाही.
लेलंडच्या कपाळावरची ती शीर
हळूहळू खाली बसते.

इथवर छान चालतं.
मग दुधाचा भाव पडतो, तो तिथेही पडणारच.
संघ बुडतो. कोऱ्या टेपा महाग,
तेव्हा आमच्याच टेपांवर कुणीतरी
कासदाह कसा ओळखावा याचे धडे उतरवून घेतं.
बगळ्यावर गाय. सगळ्या टेपांवर गाय.
आणि लेलंडच्या घशातली गाठ,
तिला कुठल्या सभेचं मत विचारायचं होतं?

गेल्या शनिवारी ओनालास्कात
कुणाच्या तरी गॅरेजपुढे जुन्या सामानाची विक्री.
वाफल करायच्या यंत्राशेजारी
प्लास्टिकचा बगळा, पन्नास सेंट.
ज्या निळ्याला मी तीनदा नाही म्हटलं होतं, लेखी,
तोच निळा.
पाठीत दोरी.
आत लेलंड, मला ठाऊक होतं.
एका दुपारी शिकागोत शंभरदा बोलवून,
मधले थांबे कात्रीने काढून,
उरलेलं जोडून केलेलं एकच वाक्य:
मित्रा, मी इथेच आहे.
नवा होता तेव्हा एका दमात म्हणायचा.

ओढली.
स्प्रिंग थकलेली. ‘मित्रा’ म्हणून
दोरी अर्ध्यात अडली.
बाई म्हणाली, मोडलाय वाटतं, पंचवीसला न्या.
मी तिला हातानेच गप्प केलं,
आणि गुडघा नको म्हणत असताना
तिच्या ड्राइव्हवेवर, वाफल-यंत्रासमोर,
एक पाय उचलला.