मकरपुऱ्याचं हँडल

वजन एकशे चौऱ्याण्णव ग्रॅम.
भाजीवालीच्या तराजूत टाकलं असतं
तर पलीकडे चार लिंबं पुरली असती.

आधीचं तैवानचं होतं.
डाव्या वळणाशी केसाएवढी रेघ दिसली,
मी पत्र लिहिलं, फोटो पाठवले.
उत्तर आलं, आपली तक्रार नोंदवली आहे.
त्यावर दोन दिवाळ्या गेल्या.
अजून नोंदलेलीच असेल.

मग कुणीतरी म्हणालं, मकरपुऱ्याला जा,
जीआयडीसीत, बेअरिंगवाल्याच्या मागे निळं शटर,
पंक्तिबेन पांचाळ विचार.

आत आइस्क्रीमवाल्याकडून घेतलेला जुना फ्रीझर,
झाकणावर अजून मँगो कँडीचं चित्र,
आणि पोटात कार्बनचं कापड
उणे अठराला, कुल्फीसारखं निजलेलं.
"कापड जपानचं," तिनं आधीच सांगून टाकलं.
"खोटं कशाला बोलू? कापणं माझं, थर माझे.
साचा पप्पांचा. शेवटचा."

आमच्या घरी पंक्ती म्हणजे जेवायला बसलेली ओळ.
इथेही तसंच काही चाललं होतं:
एक थर उभा, एक आडवा, दोन तिरके,
कुणाच्या पानात किती वाढायचं
ते बोटांना पाठ.

मी माझं बडोद्याचं मराठी
जरा गुजरातीत कलंडून विचारलं,
तुटलं तर?

ती बोलली नाही.
कोपऱ्यातल्या लोखंडी चौकटीत एक नवं हँडल आवळलं
आणि त्याला वाळूची पोती टांगायला लागली.
एक. दोन. पाच.
आठवं मीच उचलून दिलं.
नवव्याला जो आवाज झाला
तो कशासारखाच नव्हता.
बेअरिंगवाला डोकावला. "आजे केटला?"
"नव," ती म्हणाली, आणि खडूनं भिंतीवर लिहिलं.
भिंतीवर जागा शोधावी लागली.

पोलाद आधी वाकतं, कुरकुरतं,
माणसाला उतरायला वेळ देतं.
हे शेवटपर्यंत गप्प राहतं, मग एकदम नसतं.
म्हणून आधी कुणीतरी तोडून बघायला हवं,
आणि ते माणूस माझ्या घरापासून
सात किलोमीटरच्या आत हवं,
भांडायला जाता येईल असं.
स्वदेशीचा याहून मोठा अर्थ
मला लावता आलेला नाही.

स्वस्त नव्हतं. तैवानहून सहाशे रुपये महागच.
घ्यावं की न घ्यावं करत मी ते फिरवत बसलो
तेव्हा पकडीच्या जरा आत, दोन्हीकडे,
पितळी आट्यांची दोन भोकं दिसली,
तांदळाच्या दाण्याएवढी.
मला वाटलं, चूक राहिली.

"उत्तरायणसाठी," ती म्हणाली.
"तार लावायला. मांजा आधी तारेला अडतो."
तिनं ओढणी सारखी केली.
हनुवटीखाली एक पांढरी रेघ होती,
डावीकडे थोडी चढत गेलेली.
मी विचारलं नाही.
पैसे मोजून दिले, तिनं परत मोजले.

किल्ली पाचवर टक् वाजली की थांबायचं,
हौसेनं आणखी पिळायचं नाही,
हे तिनं शटरपर्यंत येऊन दोनदा बजावलं.

आज सोळा जानेवारी.
हालोलच्या रस्त्यावर अजून उजाडायचंय,
पावागढ कमरेपर्यंत धुक्यात,
विजेच्या खांबांवर, बाभळींवर
परवाचे पतंग फाटून लोंबताहेत.
एक लांबलचक गुलाबी दोरा
रस्ता ओलांडून कुठून कुठे गेलाय
ते या अंधारात दिसणार नाही.

मी वाकून पेडल मारतो.
पुढ्यातली तार वाऱ्यात बारीक वाजते.