दुसऱ्या मजल्यावरचा डाग

पोवई नाक्यावरच्या नव्या बिल्डिंगीची
काच मी पुसते. अशी पुसते
की अख्खा अजिंक्यतारा तिच्यात उतरतो
झाडाझुडपांसकट.
निकम साहेब म्हणालेले, सुंदराबाई,
काच आहे हे कळूच नये.

नाहीच कळलं.

सकाळी पायरीवर नवरंग.
पाठ हिरवी, शेपटाखाली कुंकू सांडलेलं,
मान भलतीकडंच.
उचलला तर अजून ऊन होता.
रात्रभर कुठनं कुठनं उडत आला
आणि आपटला कशावर, तर डोंगरावर.

वर काचेला त्याचा ठसा:
दोन पंख, मधी छाती,
पिठात हात बुडवून दाराला उठवावा तसा.
सगळी काच पुसली. तेवढा सोडला.

साहेब म्हणाले, डाग राहिला.
म्हटलं, राहू द्या.

मग सज्ज्यात उभी राहून चंची सोडली,
चुन्यात बोट बुडवलं
आणि टिपके देत गेले,
दोन-दोन बोटांवर एक,
डबीतला चुना संपला तेव्हा शेजारणीची मागितली.

आता काचेतल्या किल्ल्याला
देवी येऊन गेल्यासारखी दिसते.
पगार कापणार म्हणतात.

कापू देत.
ए पाखरा, हा नव्हं.
खरा तिकडं, तुझ्या पाठीमागं.