किरकोळ खर्च

मातोझिन्योशच्या बंदरावर, तारलीच्या कारखान्यात
स्टोअरची वही एकोणीस वर्षं माझ्या हाती होती.
कंपनीत नवं काही कसं घडतं, हे विचारायचं असेल
तर तिसऱ्या मजल्यावर जाऊ नका.
तिथे रंगीत चिठ्ठ्यांची भिंत होती
आणि दर गुरुवारी कॉफी.

खाली, चार नंबरच्या पट्ट्याच्या वळणावर
डबे आडवे व्हायचे, शंभरात सहा-सात.
तेल जमिनीवर, मासे तेलात,
आणि फडकं घेऊन गुडघ्यांवर देओलिंदा.
इंजिनियरांनी ते वळण मोजलं होतं.
तिने ते बावीस वर्षं पुसलं होतं.

एका रात्री खिडकीशी येऊन म्हणाली,
सायकलची जुनी ट्यूब आहे?
जुनी नव्हती. माझ्या पोराच्या
पुढच्या चाकाची काढून दिली.

तिने पट्टी कापली, नवऱ्याच्या जाळ्याच्या दोऱ्याने
पोलादी कडेला बांधली.
पहिल्या रात्री डबे अडले, रांग लागली, शिव्या पडल्या.
दुसऱ्या रात्री पट्टी बारीक केली, तिसऱ्या रात्री आणखी.
मध्ये एकदा सगळं उपटून घरी गेली ती, रडत.
नवव्या की दहाव्या रात्री
डबे वळले, शाळेतून सुटलेल्या शहाण्या मुलींसारखे.

मुकादम अबीलियू आला. थबकला. पाहिलं.
मग बराच वेळ खिडकीतून समुद्र न्याहाळत राहिला,
ज्यात त्या वेळी काहीही दिसत नाही.
काणाडोळ्याला लोक नावं ठेवतात.
मी एवढंच सांगेन,
काही बिया त्याच सावलीत रुजतात.
पट्टा अर्धा तास बंद, त्यापुढे त्याने लिहिलं : सफाई.
मी लिहिलं : किरकोळ.
बैठक अशी झालीच नाही.

मग पलीकडची झुल्मीरा स्वतःची ट्यूब घेऊन आली,
मग तिची नणंद. ईस्टरपर्यंत पाचही पट्टे.
आकडे वाढले,
आणि आकड्यांना जिने चढता येतात.

वरून माणसं उतरली. फोटो, नकाशा,
चकचकीत स्टीलची कड, दर्शनी भागात चौकट,
'आपली संस्कृती' या विषयावर संचालकांचं भाषण.
देओलिंदाला केक मिळाला आणि टोपी.

सोमवारी स्टीलची कड बसली.
मंगळवारी डबे आडवे.
नकाशात आकार उतरला होता,
रबराचं ते जरासं दबणं उतरलं नव्हतं.
पण बक्षीस वाटून झालेलं,
आता बोलणार कोण?

बुधवारी रात्री ती खिडकीशी आली.
काही बोलली नाही.
मागच्या चाकाची ट्यूब मी आधीच काढून ठेवली होती.

पोरगा आता चाळिशीचा आहे.
अजून विचारतो,
बाबा, माझ्या सायकलचं नेमकं काय झालं होतं?