पाच ग्रॅम

चव्वेचाळीस इंची टायर एकटीने उचलायचा नसतो.
गुडघा लावायचा, कलता करायचा,
आणि तो आपणहून उभा राहायला निघाला
की वाटेतून बाजूला व्हायचं.
हे मला सायमुंडुरनेच शिकवलं, मी सोळाची असताना,
याच शेडमध्ये, होप्नच्या बंदरामागे,
जिथे डिझेलचा वास कुठे संपतो
आणि माशांचा कुठे सुरू होतो
कुणालाच सांगता येत नाही.

सत्तावीस वर्षं त्याने बचावपथकाची गाडी हाकली
हिमनदीवर, रात्री-अपरात्री,
टायरमधली हवा सोडत सोडत, जवळजवळ पोटावर सरपटत.
यंदा पथकाने नवी गाडी घेतली.
चालकही नवा घेतला.
जुनी याला दिली. स्वस्तात. वर फुलांचा गुच्छ.

तर ही जुनी गाडी, आणि तिला नवे टायर.
मडगार्ड आधीच कापलेली, तरी वळताना रबर घासायचं,
म्हणून ग्राइंडरने आणखी दोन बोटं पत्रा खाल्ला.
ठिणग्या त्याच्या स्वेटरवर. तो हलला नाही.
टायर रिमवर बसेना,
हवा कडेकडेने फुस्स.
त्याने हात पुढे केला. मी इथरचा डबा दिला.
एक फवारा, एक काडी, दोन पावलं मागे,
धाड!
धक्क्यावरचे सगळे पक्षी उडाले
आणि टायर बसला मुकाट,
हजेरीला उशिरा आलेल्या पोरासारखा.

यंत्रावर फिरवला. आत एकशे नव्वद, बाहेर दोनशे दहा.
"एवढं शिसं माझा बाप जाळ्याला लावायचा," तो म्हणाला.
मग पुन्हा उतरवला,
टायरची हलकी बाजू व्हॉल्व्हपाशी आणली,
पुन्हा काडी, पुन्हा धाड,
पक्षी या वेळी अर्धेच उडाले.
सत्तर. पंचावन्न.
मोठ्या चाकाच्या मानाने हे म्हणजे
फारच शहाणं चाक.

मंगळवारी परत आला. सत्तरला थरथरते.
बोल्ट पाहिले. सांधे पाहिले. बेअरिंग पाहिलं.
गुरुवारी परत. थरथरते.
सोमवारी काही बोललाच नाही,
किल्ली टेबलावर ठेवली.

मी म्हटलं, चल, मी चालवते.
एकेरी पुलापर्यंत गेलो, पुलापलीकडे गेलो.
सत्तर. ऐंशी. नव्वद.
स्टिअरिंग माझ्या दोन बोटांत झोपलेलं.
शेजारी तो, थर्मासच्या झाकणात कॉफी घेऊन,
आणि कॉफी
त्याच्या बोटांवरून, गुडघ्यावरून,
सीटच्या नव्या कव्हरवरून.
तो खिडकीतून हिमनदीकडे बघत होता.
मी रस्त्याकडे बघत होते.
रस्ता तिथे सरळच आहे, बघण्यासारखं काही नाही.

शेडमध्ये आलो. मी पुढचं उजवं चाक उचललं,
स्पिरिटने रिम पुसली,
पाच ग्रॅमचा तुकडा व्हॉल्व्हपाशी चिकटवला
आणि तो जॅककडे वळलेला पाहून
तसाच दुसरा, बरोब्बर समोर.
अंगठ्याने दाबून धरला, मनात वीसपर्यंत मोजले.

"दोन लावलेस."
हो.
"समोरासमोर."
हो.

बराच वेळ कॉम्प्रेसर एकटाच बोलत होता.
मग त्याने पाकीट काढलं.
मी नको म्हटलं. तो म्हणाला, "दहा ग्रॅमचे घे, थोर्डिस.
शिसं काय फुकट येतं?"
नोट हातात देताना नोट वाजत होती.
मी घेतली.

गाडी फाट्यापर्यंत गेली आणि थांबली.
डावीकडे त्याचं घर, उजवीकडे वरचा रस्ता.
ब्रेकचा दिवा लाल. लाल. लालच.
चारही चाकं अगदी तोलात.

तेवढ्यात फोन वाजला,
कुणा पर्यटकाचा टायर फुटला होता नदीपाशी,
आणि मी जागेवर आले तेव्हा
फाट्यावर कुणी नव्हतं.