चार हप्ते

दिवाळीच्या आदल्या रविवारी गिझरची कॉइल गेली.
दस्तगीर नदाफ आला, उपसून माझ्या हातात दिली:
चुन्याचं पांढरं कवच, कडक, शिंपल्यासारखं.
"बोअरचं पाणी, अक्का. जळली नाही, दगड झाली."

मंगळवारी कंपनीचा मुलगा आला, गुळगुळीत कागद घेऊन.
हीट पंप. दोनशे लिटर. एक लाख वीस हजार.
चहा घेताना विचारलं, "घरचे कोण आहेत? बोलून घेतलं असतं."
म्हटलं, "घरची मीच. बोला."

बोलला. वर्षाला फक्त नऊ टक्के, पाच वर्षं,
आणि विजेच्या बचतीतूनच हप्ता फिटतो, मॅडम,
तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

मला कळतं. मी ब्लाउज शिवते.
अर्धा इंच कुठं गेला ते बाई अंगात घालते तेव्हा दिसतं,
म्हणून कापायच्या आधी दोनदा मापते.

कटिंगच्या फळीवरच खडूनं आकडे मांडले.
नऊ टक्के, पण पूर्ण रकमेवर, पाचही वर्षं;
मी फेडत जाणार आणि व्याज जागचं हलणार नाही.
चोपन्न हजार वर. महिन्याला दोन हजार नऊशे.
सोसायटीतला बेळगुंदकर क्लार्क हसला:
"हेच उतरत्या शिल्लकेवर मांडा, सोळाला टेकतंय की, मावशी."
हेस्कॉमची बारा बिलं दोऱ्यात ओवलेली होती.
गिझरचा वाटा काढला, त्याचे तीन भाग केले,
एक पंपाला सोडला. राहिले सहाशे.
सहाशेत दोन हजार नऊशे फिटत असतील
तर एका मीटरात मी तीन ब्लाउज बेतीन.

दस्तगीरला विचारलं, हे मशीन करतं तरी काय?
"फ्रिज उलटा धरा, अक्का. तो आतली ऊब बाहेर टाकतो,
हा बाहेरची ऊब टाकीत भरतो. तयार काहीच करत नाही.
नुसती ने-आण. तेवढ्याचीच वीज."
थंडीतल्या हवेतही ऊब असते म्हणाला,
फक्त ती काढताना मशीन जास्त दमतं.
मी कर्जाचा विचार करत होते.
तेही पैसा तयार करत नाही. माझाच, पुढल्या वर्षीचा,
आज आणून देतं, आणि हमाली घेतं.

मग एकेक सुचत गेलं, रात्री, काज करताना.
या पाण्यानं टाकी खाल्ली तर वॉरंटी चालते?
(नाही. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात.)
मीटरचा मंजूर भार पुरतो? बिघडलं
तर माणूस इथला येणार की हुबळीहून?
आणि बाहेरची पेटी? टेप घेऊन मागं गेले,
तर भिंतीपलीकडं कमलक्का हूगारांची खाट.
घरघर होईल म्हटलं. "आगली," म्हणाली, "रात्री ब्याड."
म्हणजे दुपारीच तापवून ठेवायचं.
तेही बरंच. दुपारची हवा त्याला सोपी.

सोसायटीचा फॉर्म कन्नडात. मला बोलता येतं, वाचताना अडखळते.
पल्लवीनं शाळेच्या सुरात वाचून दाखवला,
अकराव्या कलमाला थांबली:
"आई, मुदतीआधी फेडलं तर दंड आहे."
लवकर फेडल्याचा दंड! मी दातानं दोरा तोडला.

सही केली नाही. पंप नको असंही म्हटलं नाही.
त्याच सोसायटीत आवर्त ठेव उघडली,
दोन हजार नऊशे, दर पाच तारखेला.
बघू तरी हप्ता कुठं आवळतो, काखेत की गळ्याशी.
आवळला. जानेवारीत, गिऱ्हाईक नसताना, चांगलाच.
गॅसवर पातेलं, धुक्यात अख्खं अनगोळ गायब,
आणि बोटं शेकल्याशिवाय सुई धरवत नव्हती.

फेब्रुवारी संपताना फोन आला. "मॅडम, काय ठरलं मग?"
"चार हप्ते भरून झाले."
"कुणाकडे?"
"माझ्याकडे. आणि ते पाण्याचं तेवढं लिहून द्या.
कन्नडात चालेल."