अकरा मीटर

वैमानिकाच्या खुर्चीत बसायला मिळतं आम्हालाही.
रात्री अडीचला, दाबोळीच्या मागच्या कोपऱ्यात,
रिकाम्या विमानात,
इंजिन नुसतं चालवून बघायचं असतं तेव्हा.
आकाश आमच्या कामात येत नाही.

ऑइल गळत होतं. सील बदललं.
बंदराकडून कोळशाची धूळ येत होती, नेहमीसारखी.
खाली सिप्रियान, कानाला हेडसेट,
वायर मागे लोंबतेय, म्हशीच्या दाव्यासारखी.
"फुडें कोण ना," तो म्हणाला. "फाटीं कोण ना. चालू कर."

मी यादी वाचली.
वाचली म्हणजे म्हटली.
एकोणीस वर्षांत तोंडपाठ झाली होती,
आणि तोंडपाठ गोष्टीला डोळे लागत नाहीत.

ब्रेक प्रेशर?
ठीक, मी म्हटलं. मीच मला.
काटा शून्यावर होता.

मग इंजिनानं आवाज धरला
आणि हँगर मागे सरकू लागला.
खरंच तसंच वाटलं मला:
हँगर चाललाय, दिव्याचा खांब चाललाय,
मी आहे तिथेच आहे.
कानात सिप्रियानचा श्वास. शब्द नाही.

चाकाखाली उट्या होत्या, रबराच्या, तेलानं बुळबुळीत.
चाकानं त्या सरकवल्या
पोर ताटातलं कारलं कडेला सारतं तशा.

चौकशीत टेप लावून मोजलं.
"तेवढ्या वेळात तुम्ही काय करत होता, शेट्ये?"
इंजिन बंद करत होतो, साहेब.
हात जात होता.
हात पोचायला अकरा मीटर लागले.

'गंभीर दुखापत' असे दोन शब्द आहेत कागदावर.
खाली माझी सही.
डावा पाय असा शब्द कुठेच नाही.

आता चिखलीच्या चढावर त्याचा गाडा असतो,
रोस ऑम्लेटचा.
गुरुवारी माझी सुट्टी, मी जातो.
तो पैसे घेतो, पूर्ण घेतो, त्याचं बरं वाटतं.
त्या रात्रीबद्दल आम्ही बोलत नाही.
मासळीचे भाव, मुलीची बारावी, एवढंच.

परवा गर्दी होती. दोन्ही हात तव्यावर.
मान न वळवता म्हणाला,
"पळय रे, चाकाखालचा दगड बसला काय?"

"बसला," मी म्हटलं.

त्यानं उलथणं खाली ठेवलं.
तव्यावर कांदा करपू लागला, गिऱ्हाईकं थांबली,
आणि तो काही न बोलता
माझ्याकडे बघत राहिला.

मी खाली वाकलो.
गुडघे टेकले. दगडाला हात लावला.