कल्ले

आईने लॅपटॉप उचलला, पालथा केला,
आणि बाजूच्या जाळीत बोट घातलं,
जसं ती पहाटे चोरकोरच्या किनाऱ्यावर
बांगड्याच्या कल्ल्यात घालते.
बोटाला राखाडी धूळ लागली.
"शिळा आहे," ती म्हणाली.

आक्रातलं सर्कल, दुपारी दोन.
दुकानदार एबोने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला,
कारण मी शिकलेली, मला रॅम कळते, मी त्याच्या बाजूची.
मी होतेच त्याच्या बाजूची.
माझ्या वहीत कुमासीहून आलेली यादी होती:
प्रोसेसर अमुक, मेमरी आठच्या खाली नको,
भूमापनाचे नकाशे जड असतात.
आईच्या कमरेच्या गाठीत तीन हजार सेडी,
त्यातले दोनशे देदेई आत्याचे, परत करायचे.

एबो बोलतच होता: परदेशातून आलाय, घरगुती वापराचा,
तिकडची माणसं चांगला असतानाच टाकून देतात.
"चांगला असताना कोण टाकतं?"
आईने दुसरा मागितला.
दुसरा चकचकीत होता. तिने हातही लावला नाही.
मासळीवर फार पाणी मारलेलं असलं
की ती असंच लांबून बघते.

तिसऱ्याच्या झाकणाला ओरखडा,
कुठल्याशा शाळेचं लेबल, क्रमांक चारशे सतरा,
कुणीतरी नखाने निम्मं खरवडलेलं.
ई पुसून गेलेला, एन अर्धा.
आईला ती अक्षरं ठाऊक नाहीत.
झिजलेल्या जागेवर तिने अंगठा फिरवला.
"ह्याच्यावर कुणीतरी बसून काम केलंय."
मग विचारलं, "लाइट गेली तर किती वेळ जगतो?"
"तीन तास, मावशी. शपथेवर."

आईने वायर उपटली.
प्लास्टिकचं स्टूल ओढलं.
आणि बसली.

एबोने फुटबॉलची एक जुनी मॅच लावून दिली.
हाफटाइम झाला. गिऱ्हाइकं आली, गेली, काही थांबली,
एकाने विचारलं ही बाई कोण, दुसऱ्याने स्कोअर विचारला.
मी रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले,
तळलेल्या केळ्यांच्या गाडीमागे.
आमच्या भट्टीचा धूर आमच्या अंगाला असतो,
साबणाने जात नाही,
आणि मला वाटत होतं त्याने ते सगळं दुकान भरलंय,
सगळे फक्त सभ्यपणाने गप्प आहेत.

एक तास बावन्न मिनिटांनी पडदा काळा झाला.
कुणीतरी पेनल्टी मारायला धावत निघाला होता,
तो तसाच राहिला.
आई उठली, पाठ सरळ केली.
"तीन तासांचा भाव सांगितलास. दोन तासही नाही भरले."
एबो आधी हसला नाही. मग हसला, चांगला मोठ्याने.
अठ्ठावीसशेचा तेवीसशेला आला, वर एक माउस,
आणि ई छापलेला स्टिकर, जो आठवड्यात पडला.
आत्याच्या नोटा घडी न मोडता परत गेल्या.

मिनीबसमध्ये तो आईच्या मांडीवर.
खिडकीतून ऊन आलं की तिचा हात आडवा.
घरी तिने तो जुन्या कापडात गुंडाळला
आणि भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवला,
तिथे उंदीर पोचत नाहीत म्हणून. अकरा दिवस.
मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, बहुतेक.

आता वसतिगृहात, रात्री उशिरा,
मोठी फाइल उघडली की त्याचा पंखा घरघरतो,
बूड तापतं, आणि कल्ल्यांतून
धुरी दिलेल्या माशाचा वास येऊ लागतो.
एसिनाम उशीखालून डोकं काढते:
"या वेळी कोण रांधतंय?"
कुणी नाही, मी म्हणते, झोप.
नकाशा उघडतोय.